पायपेटी उभीच न्यायची

सिकंदर तांबोळीनं बारामतीच्या एमआयडीसीतून आजवर काय काय पाठवलं नव्हतं. लेथ मशीन, दुधाच्या टाक्या, एकदा तर आख्खा बॉयलर खोक्यात घालून गुजरातला रवाना केला होता. पण वाजवायची वस्तू त्याच्या हातून कधी गेली नव्हती. म्हणून सुप्रियाचा फोन आला तेव्हा त्यानं वहीचं कोरं पान काढलं आणि ती सांगत गेली तसं लिहून घेतलं.

"उभीच न्यायची, भाई," सुप्रिया म्हणाली. "आडवी केली की आतले सूर, म्हणजे त्या पितळी जिभा, खाचेतून निसटतात. एकशे बावीस पितळी सूर आहेत. एक जरी वाकला तरी आता तसा करून देणारा माणूस सापडत नाही. खालची दोन्ही पेडलं बांधून टाका. नाहीतर गाडीच्या हादऱ्यानं भाता उघडमीट करत राहील आणि त्याचं कातडं फाटेल. पट्ट्यांवर लोकरीचं कापड घाला. ऊन नको, ओल नको."

"लांब किती न्यायची?"

"जबलपूरला. हजार किलोमीटर तरी होतील."

"आणि उचलायची कुठनं?"

"सणसरमधून. आमच्या घरातून. तुम्ही नाही म्हणालात तरी मला राग येणार नाही."

ते घर सिकंदरला माहीत होतं. ती पायपेटीही माहीत होती. सुप्रियाचे आजोबा रावजी एका तंबूतल्या नाटक कंपनीत ऑर्गन वाजवायचे. कंपनी बसली तेव्हा मालकानं तो ऑर्गन त्यांना देऊन टाकला. छातीइतका उंच, शिसवी लाकडाचा, खाली पाय मारायची दोन पेडलं. इंदापुरात सगळे त्याला पायपेटीच म्हणत. आजोबांकडून ती सुप्रियाकडं आली आणि लग्नात तिच्याबरोबर सणसरला गेली. नवरा अविराज ऊसतोडणीचं मशीन चालवणारा, घरची बागायत. सुप्रिया भवानीनगरच्या एका शाळेत गाणं शिकवायची. सिकंदरची मुलगी सुहाना तिच्याच हाताखाली शिकली.

दोन वर्षांपूर्वी पायपेटीची मागची फळी निखळली, तेव्हा अविराजनं सिकंदरलाच बोलावलं होतं. सिकंदर ओसरीत फळी ठोकत बसला होता आणि आतल्या खोलीतून आवाज आला. भिंतीवर काहीतरी आपटल्याचा. परत एकदा. सासू छबूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, नजर फरशीवर. सिकंदरनं तिच्याकडं पाहिलं, मग हातोडा जरा जोरात मारायला सुरुवात केली, म्हणजे आतलं ऐकू येऊ नये. काम संपल्यावर सुप्रिया चहा घेऊन आली. तिचा एक डोळा सुजून मिटला होता. सिकंदरनं चहा प्यायला, अवजारं गोळा केली आणि घरी आला. करिमाला, बायकोला, त्यानं महिनाभर काही सांगितलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर सुप्रिया वाजवत असताना अविराजनं पायपेटीचं झाकण तिच्या हातांवर आदळलं. उजव्या हाताची दोन बोटं मोडली. ती दवाखान्यातून परत घरी आलीच नाही. आता जबलपूरला तिथल्या मराठी मंडळींच्या संगीत विद्यालयात तिला काम मिळालं होतं.

"न्हाय कशापायी म्हनू?" सिकंदर म्हणाला. "घरात कोन असंल त्या दिवशी?"

"आत्या असतील. त्यांनीच मला फोन केला होता. म्हणाल्या, पेटी घेऊन जा, इथं राहिली तर तो जाळेल."

सुप्रिया सासूला आत्याच म्हणायची.

बुधवार ठरला. अविराजचं मशीन त्या दिवशी लासुर्ण्याकडच्या फडात होतं, तो संध्याकाळशिवाय यायचा नव्हता. सकाळी आठला सिकंदर आणि त्याचा ड्रायव्हर गेणबा टेम्पो घेऊन दारात पोचले. गेणबा साठीला टेकलेला, कमी बोलणारा, गाडी मात्र पाण्यावरून न्यावी तशी चालवायचा.

छबूबाईनं दार उघडलं. पासष्टीची बाई, काटक. तिनं चहा विचारला नाही. "बिगीबिगी आटपा," एवढंच म्हणाली.

पायपेटीवर चादर टाकलेली होती. सिकंदरनं ती काढली आणि वही उघडून जमिनीवर ठेवली. आधी पेडलं सुती दोरीनं बांधली. पट्ट्यांवर करिमाची जुनी लोकरी शाल घडी करून पसरली, झाकण हळूच लावलं. सूर बदलायच्या खुंट्या एकेक काढून कागदात गुंडाळल्या आणि डब्यात ठेवल्या. मग चारी बाजूंनी घोंगड्या, त्यावर फोम, त्यावर प्लायवूडचं खोकं. खोकं तो घरूनच मापाचं कापून घेऊन आला होता. इथं फक्त स्क्रू फिरवायचे होते, ठोकाठोक करायची नव्हती. ठोकलं की सूर हलतात, असं सुप्रियानं बजावलं होतं.

छबूबाई खांबाला टेकून बघत होती.

"त्या दिवशी तुमीबी हुता. फळी ठोकाया आला हुता."

सिकंदरचा हात थांबला. "व्हय, मावशी."

"मी बघितलं तुमच्याकडं. वाटलं, गडीमानूस हाय, कायतरी बोलंल."

सिकंदरनं पुढचा स्क्रू उचलला.

"तुमाला काय बोलू," छबूबाई म्हणाली. "मी घरची असून बोलले न्हाय. माझा मालक मला असाच मारायचा. प्वार बघत बघत मोठं झालं. मालक गेला तवा वाटलं, सुटले. मग प्वारानं हात उचलला."

तिनं हे भाजीपाल्याबद्दल बोलावं तसं सांगितलं. सिकंदरनं शेवटचा स्क्रू फिरवला. साडेदहा वाजले होते.

खोकं लोखंडी पाइपांवरून सरकवत त्यांनी अंगणात आणलं. टेम्पोच्या मागचा फाळका पाडून दोन जाड फळ्यांची उतरण लावली. गेणबा वर चढला. खोक्याला नायलॉनचा रुंद पट्टा गुंडाळून त्याचं टोक वर पट्टा ताणून धरणाऱ्या खटक्यात अडकवलं. गेणबा खटका ओढायचा आणि सिकंदर खालून खांदा लावायचा. वीतवीत करत खोकं चढू लागलं. अर्धी उतरण झाली तेव्हा मोटरसायकलचा आवाज आला.

शेजारच्या कुणीतरी फोन करून सांगितलं असणार. अविराजनं गाडी स्टँडला लावलीच नाही, तशीच अंगणात पडू दिली. चाळिशीच्या आतला, भरदार, अंगावर उसाचा धुरळा. हातात तोडणीचा कोयता होता.

"कुनाच्या घरात शिरलाय, ठाव हाय का?"

"मावशींनी बोलावलं," सिकंदर म्हणाला. खांदा खोक्याला लावलेलाच होता, हलता येत नव्हतं. "बाईंची वस्तू हाय. बाईंकडं चालली."

"बाईंची," अविराज म्हणाला आणि त्यानं कोयता खोक्यावर घातला.

प्लायवूड फाटलं. पातं आत रुतलं. त्यानं ते पाय लावून उपटलं आणि परत घातलं. वरून गेणबा म्हणत होता, अहो दादा, असं करू नका, ऐका. अविराजच्या ध्यानात आलं की सगळा भार त्या पट्ट्यावर आहे. तो बाजूनं पुढं गेला आणि त्यानं पट्ट्यावरच कोयता उचलला. पट्टा तुटला असता तर खोकं उतरणीवरून मागं कोसळलं असतं आणि त्याच्याखाली सिकंदर सापडला असता.

सिकंदरनं डावा हात वर घालून पट्टा मुठीत धरला. का धरला ते त्याला नंतरही सांगता आलं नाही. कोयता मुठीवर आला.

आधी काही दुखलं नाही. करंगळी खाली फळीवर पडलेली त्यानं पाहिली. शेजारचं बोट कातड्याला लोंबत होतं. पट्टा अर्धा कापला गेला होता, पण तुटला नव्हता. सिकंदर ओरडला, "वढ," आणि गेणबानं जीव खाऊन खटका ओढला. खोकं वरच्या काठावर चढलं, डुगडुगलं आणि आत उभं राहिलं.

अविराज दुसरा घाव घालायला वळला तेवढ्यात छबूबाईनं अंगणातला एक लोखंडी पाइप उचलून त्याच्या खांद्यात मारला. तो कळवळला, पण कोयता सुटला नाही. त्यानं आईकडं पाहिलं. मग मोकळ्या हातानं तिचे केस धरले आणि तिचं डोकं ओसरीच्या खांबावर आपटलं. एकदा. परत एकदा. घाईनं नाही, रागानं थरथरतसुद्धा नाही. रोजचं काम करावं तसं, सवयीच्या हातानं. सिकंदरनं ते पाहिलं आणि दोन वर्षांपूर्वी भिंतीपलीकडं काय चाललं होतं ते त्याला आज डोळ्यांनी दिसलं.

टेम्पोच्या चाकाजवळ टामी पडली होती, जॅकची लोखंडी दांडी. सिकंदरनं ती उजव्या हातात घेतली आणि अविराजच्या गुडघ्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज झाला. अविराज आडवा पडला, कोयता लांब उडाला. तिथं थांबायला हवं होतं. सिकंदर थांबला नाही. त्याच गुडघ्यावर त्यानं परत मारलं, आणि परत एकदा. तिसऱ्या वेळी अविराज हात जोडत होता. सिकंदरला ते जोडलेले हात दिसत होते आणि बरं वाटत होतं. अंगात काहीतरी ऊन ऊन पसरत चाललं होतं. त्यानं टामी चौथ्यांदा उचलली ती गुडघ्यासाठी नव्हती, डोक्यासाठी होती.

"मरंल त्यो," छबूबाई म्हणाली. ती खांबाला धरून उठत होती, अर्धा चेहरा रक्तानं भरला होता. "माझं प्वार हाय."

सिकंदरनं टामी खाली टाकली. मग त्याला हात दुखायला लागला, इतका की तो अंगणातच बसला.

पुढचं सगळं छबूबाईनं केलं. गेणबाला खाली बोलावून तिनं पोराला टेम्पोतल्याच एका पट्ट्यानं खांबाशी बांधायला लावलं. स्वतःच्या पातळाची पट्टी फाडून सिकंदरचा हात आवळला. फळीवरचं बोट उचलून प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, ती पिशवी फ्रिजमधल्या बर्फाबरोबर स्टीलच्या डब्यात. अविराज शिव्या देत होता, मग रडायला लागला, मग म्हणाला, "आये, पानी दे." तिनं तांब्या त्याच्या तोंडाला लावला. पिऊन झाल्यावर तोंड पुसलं. "दवाखान्याची गाडी लावून देते," असं त्याला म्हणाली आणि खरंच गेणबाच्या फोनवरून तिनं रुग्णवाहिका बोलावली.

"मावशी, तुमी?" सिकंदरनं विचारलं.

"त्यो सुटला की मला ठिवत न्हाय," ती म्हणाली आणि टेम्पोच्या केबिनमध्ये चढली.

बारामती जवळ होती, पण त्या रस्त्यावर पावलोपावली अविराजचे मित्र. भिगवणला दवाखाना होता आणि पोलीस ठाणंही. गेणबानं गाडी भिगवणच्या रस्त्याला घातली. मागं खोकं चार पट्ट्यांनी चारी बाजूंना कसलेलं होतं, कापलेला पट्टा सोडून दिला होता. फाटलेल्या प्लायवूडवर गेणबानं ताडपत्रीचा तुकडा मारला होता. केबिनमध्ये तिघं होती. सिकंदरचा हात मांडीवर, डबा छबूबाईच्या मांडीवर. दोन्ही बाजूंना ऊस उभा होता आणि समोरून कारखान्याकडं जाणारे ट्रॅक्टर येत होते, प्रत्येकामागं दोन दोन ट्रॉल्या.

तिकडं सणसरला बांधलेल्या अविराजचे हात खांद्याशी जखडले होते, पण कोपराखाली मोकळे होते, खिशापर्यंत पोचत होते. ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. अविराजनं खिशातला फोन काढून चुलतभावाला लावला. सूरजला. तांबोळ्यानं मला तोडलं, आईला मारून गाडीत घातली आणि भिगवणकडं पळाला, असं त्यानं सांगितलं.

सूरज पंचविशीचा. त्याची आई धोंडाबाई शेतात असायची, म्हणून तो छबूबाईच्याच हातचं खाऊन वाढला होता. पिकअपमधून भाजी भिगवणच्या बाजाराला न्यायचा. तो पाच-सात किलोमीटरवरच होता.

पहिला धक्का बसला तेव्हा सिकंदरला वाटलं टायर फुटला. मग आरशात पांढरी पिकअप दिसली. ती परत मागून आदळली. मागं खोकं करकरलं. गेणबानं दात ओठ खाऊन स्टिअरिंग सरळ धरलं, ब्रेकला पाय लावला नाही. "ब्रेक मारला तर पेटी म्होरं येईल," असं तो स्वतःशीच पुटपुटला.

"सूरज हाय," छबूबाई आरशात बघत म्हणाली. "त्याला कुनीतरी उलटं सांगितलंय." तिनं खिडकीतून हात बाहेर काढला आणि हलवायला लागली, की पोरा, मी हाय, थांब. हाताला कोपरापर्यंत रक्त होतं.

सूरजला तो रक्तानं भरलेला हात दिसला. त्याला वाटलं, काकू मदत मागतेय. त्यानं पिकअप उजवीकडं काढली, टेम्पोच्या पुढं जाऊन आडवी लावायची म्हणून. समोरून ट्रॅक्टर येत होता. ट्रॅक्टरवाल्यानं बाजू घेतली. पहिली ट्रॉली पिकअपच्या बाजूनं निसटून गेली. दुसरी ट्रॉली कडेच्या पाण्याच्या चारीत उतरली, कलली आणि भरल्या उसासकट पिकअपवर आली.

गेणबा पन्नास-साठ पावलं पुढं गेला. मग त्यानं वेग कमी केला आणि सिकंदरकडं पाहिलं. पुढचा रस्ता मोकळा होता. दवाखाना दहा किलोमीटरवर, डब्यातला बर्फ वितळत होता. आपल्याला मारायला आलेला माणूस मागं उसाखाली होता.

"गाडी मागं घे," सिकंदर म्हणाला.

उसाच्या मोळ्या उपसायला ट्रॅक्टरवाला होता, फडातले तोडकरी धावून आले होते, बायासुद्धा. पण पिकअपचा दरवाजा आत चेपला होता आणि स्टिअरिंग सूरजच्या छातीत होतं. तो शुद्धीवर होता. ओरडत नव्हता, फक्त श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायचा.

सिकंदर टेम्पोत चढला. खोक्याला चार पट्टे होते. त्यातले दोन त्यानं सोडले, एका हातानं आणि दातानं. मागचा एक आणि पुढचा एक ठेवला. सोडलेल्या पट्ट्यांचे आकडे पिकअपच्या दरवाजात आणि टेम्पोच्या चासीत अडकवले. "बोटभर पुढं," तो गेणबाला सांगत होता. "आनिक बोटभर. थांब. आता परत." दरवाजा कण्हत कण्हत बाहेर आला आणि गळून पडला. मग तसंच स्टिअरिंग ओढलं. टेम्पोत ते खोकं दोनच पट्ट्यांवर डुलत होतं आणि सिकंदरचं एक लक्ष तिकडं होतं, ह्याची त्याला नंतर लाज वाटली.

सूरजला टेम्पोत निजवलं, खोक्याशेजारी. टेम्पोत उरलेली एक घोंगडी त्याच्या अंगाखाली घातली. छबूबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. सिकंदर खोक्याला पाठ लावून बसला, पाय समोरच्या फळीला रेटून, म्हणजे वळणावर ते सूरजवर येऊ नये.

"काकू," सूरज म्हणाला. "तू हायस व्हय."

"हाय की. ही काय."

"दादा म्हनला, तुला मारलं ह्यांनी."

"ह्यांनी न्हाय रं. गप पड, बोलू नगं."

सूरजनं डोळे फिरवून सिकंदरकडं पाहिलं, त्याच्या हाताच्या लाल गाठोड्याकडं पाहिलं. मग वर, आपल्या अंगावर सावली टाकणाऱ्या त्या खोक्याकडं.

"वैनीची पेटी?"

"व्हय," सिकंदर म्हणाला.

सूरज काहीतरी बोलणार होता. त्याच्या तोंडातून शब्दांऐवजी रक्त आलं. छबूबाई पदरानं पुसत राहिली आणि त्याच्याशी बोलत राहिली, लहानपणी तो चारीत पडला होता ते, कुत्रं चावलं होतं ते. भिगवणच्या अलीकडं, धरणाचा फुगवटा दिसायला लागतो तिथं, शिट्टीसारखा आवाज थांबला. छबूबाई थांबली नाही. दवाखान्याच्या दारात माणसांनी उचलायला हात घातले तरी ती बोलतच होती.

सिकंदरची करंगळी बसली नाही. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. शेजारचं बोट शिवलं, पण ते वाकत नव्हतं.

गुन्हे तीन दाखल झाले. अविराजवर एक, सूरज गेला त्या अपघाताचा एक आणि सिकंदरवर एक, कारण अविराजचा गुडघा कायमचा गेला होता. जबाब लिहिणारा हवालदार भला माणूस होता. "एकच फटका लिहितो," तो म्हणाला. "स्वतःला वाचवायला मारला असं होतं."

"पहिला वाचवायला हुता," सिकंदर म्हणाला. "पुढचे दोन न्हाय. तीन लिहा."

करिमानं घरी त्याला ह्यावरून फार बोल लावले, आणि मग रात्रंदिवस त्याचा हात शेकला.

पायपेटी मुद्देमाल म्हणून टेम्पोसकट ठाण्याच्या आवारात अडकली. सिकंदर रोज बारामतीहून एसटीनं भिगवणला जायचा. ऊन फिरेल तशी ताडपत्री फिरवायचा, खोक्याच्या फटीत हात घालून ओल बघायचा. पोलीस हसायचे, मग हसेनासे झाले. सुप्रियानं आजोबांचे जुने फोटो आणि कागद पाठवले. विसाव्या दिवशी कोर्टानं पेटी आणि टेम्पो दोन्ही सोडले.

छबूबाई सणसरला परत गेली होती, पण स्वतःच्या घरी नाही. ती धोंडाबाईच्या, सूरजच्या आईच्या, दारात जाऊन बसली. धोंडाबाईनं दार लावून घेतलं. छबूबाई ओट्यावरच राहिली. सहा दिवस. शेजारणी भाकरी आणून द्यायच्या. सातव्या दिवशी धोंडाबाईनं दार उघडलं आणि म्हणाली, "आत ये. चुलीवर दूध हाय, तेवढं बघ." अविराजच्या विरोधात साक्ष द्यायला छबूबाईनं होकार दिला तेव्हा तिला धरून कोर्टात घेऊन जाणारी धोंडाबाईच होती.

सिकंदर आणि गेणबा मग जबलपूरला निघाले. करमाळ्याच्या बाजूनं न जाता राशीनवरून, पुढं नगर, जालना, अमरावती, नागपूर. ताशी चाळीसच्या वर गाडी नेली नाही. खड्डा दिसला की गेणबा जवळपास थांबायचा. दर दोन तासांनी सिकंदर मागं चढून पट्टे बघायचा. तिसऱ्या दिवशी सिवनीच्या घाटात गेणबा एकदा म्हणाला, "त्या दिवशी तुमी गाडी मागं घे म्हनला न्हायतर मी गेलो असतो." सिकंदर म्हणाला, "मी पन गेलो असतो. मावशी गाडीत हुती म्हनून."

सुप्रिया विद्यालयाच्या फाटकात उभी होती. वाळली होती, पण डोळे दोन्ही उघडे होते. खोलीत खोकं उतरवून सिकंदरनं स्क्रू काढायला घेतले. कोयत्यानं फाटलेली बाजू आली तेव्हा सुप्रियानं त्या फटीत बोट घातलं. घाव प्लायवूड आणि फोममधून जाऊन शेवटच्या घोंगडीत थांबला होता. लाकडाला खरचटलंसुद्धा नव्हतं.

तिनं पेडलांच्या दोऱ्या सोडल्या. झाकण उघडलं, शाल बाजूला केली. एक पाय मारला, भात्यात हवा भरली. डाव्या टोकाची पट्टी दाबली. खर्जातला तो सूर खोलीभर पसरला. मग तिनं एकामागून एक सगळ्या पट्ट्या दाबल्या. एकही मुकी नव्हती.

"सूरजचं ऐकलं मी फोनवर," ती पाठमोरीच म्हणाली. "पण नीट कुणी सांगितलं नाही. तुम्ही सांगा."

सिकंदर भिंतीशी बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. तीन फटके, आणि ते मारताना बरं वाटलं होतं तेही. दोन वर्षांपूर्वी हातोडा जोरात का मारत होतो तेही. सुप्रिया ऐकत होती. शेवटी म्हणाली, "बोटं मोडली तेव्हा मला दवाखान्यात सूरजनंच नेलं होतं. वाटेत गाडी थांबवून रडला होता तो. आणि त्या हातोड्याचं म्हणाल, तर मला तो ऐकू येत होता, भाई."

मग तिनं फोन काढला आणि छबूबाईला लावला. फोनचा आवाज मोठा करून पायपेटीवर ठेवला.

"पोचली का?" तिकडून छबूबाईनं विचारलं.

"पोचली, आत्या."

"मोडली तर न्हाय कुठं?"

"नाही."

तिकडं कोंबड्या ओरडत होत्या, कुणीतरी बादली ठेवल्याचा आवाज झाला. छबूबाई कुणाशी तरी हळू बोलली. मग म्हणाली, "धोंडाबाई हितंच बसलीया. ती म्हनती, वाजीव जरा."

सुप्रियानं सिकंदरकडं पाहिलं. मग ती स्टुलावर बसली, दोन्ही पाय पेडलांवर ठेवले आणि वाजवायला लागली. उजव्या हाताची दोन बोटं अडखळत होती, एकेक पट्टी चुकत होती. तरी ती वाजवत राहिली. मग फोनमधून एका बाईचं रडणं ऐकू आलं. मोठ्यानं, छाती फुटल्यासारखं. सुप्रियाचे हात पट्ट्यांवरच थबकले. फोनमधून छबूबाई म्हणाली, "थांबू नगंस. रडू दे तिला. आज पयल्यांदा रडतीया."

सुप्रिया वाजवू लागली. सिकंदर उठून बाहेर आला. गेणबा टेम्पोच्या फाळक्यावर बसून पट्टे गुंडाळत होता, त्याच्या शेजारी तोही बसला.